मुंबईच्या घरात मांजरासाठी लिटर बॉक्स: जागा, निवड आणि रोजची निगा

मांजर घरी आणायचे ठरले की बहुतेक घरांत आधी त्याच्या खाण्याची चर्चा होते, मग खेळण्यांची, आणि शी-शूची सोय मात्र मांजर दारात आल्यावर आठवते. हा क्रम उलटा असायला हवा. पंजाने उकरता येईल अशी कोरडी, भुसभुशीत जागा मिळाली की मांजर आपण होऊन तिथे जाते, खड्डा करते आणि काम आटोपल्यावर झाकून टाकते. ही सवय उपजत असल्यामुळे त्याला शिकवावे असे फार थोडे उरते. म्हणूनच 'मांजर घरभर घाण करते' ही तक्रार ऐकू आली की पहिला संशय आजाराचा आणि दुसरा बॉक्सचा घ्यावा. मांजराच्या स्वभावाला दोष देण्याची वेळ क्वचितच येते.

मुंबईत या साध्या सोयीला दोन अडचणी आहेत: घरात जागा नाही आणि हवा कोरडी नाही. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक सूचनांमध्ये तळघर, कपडे धुण्याची वेगळी खोली आणि कोरडे हवामान गृहीत धरलेले असते, त्यामुळे त्या वाचून आपल्याकडचा गोंधळ वाढतोच. पुढचे टप्पे वन रूम किचनपासून टू बीएचकेपर्यंतची घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत आणि त्यांचा क्रमही मुद्दाम तसा लावला आहे: आधी जागा, मग माप, मग बॉक्स आणि शेवटी लिटर, म्हणजे मांजराला उकरता यावे म्हणून बॉक्समध्ये भरायचा भुसभुशीत पदार्थ. आधी दुकानातून बॉक्स उचलून आणला की पुढे तो ठेवायचा कुठे यावरून घरात रोज वाद होतात.

लागणारे साहित्य

- मोठा, पसरट बॉक्स; शक्य असल्यास दोन
- बिनवासाचे लिटर, पहिल्या भरणीला पुरेल इतके
- जाळीदार स्कूप. स्टीलचा मोठ्या भोकांचा झारासुद्धा चालतो, मात्र तो याच कामासाठी वेगळा ठेवावा
- उरलेले लिटर साठवायला घट्ट झाकणाचा डबा
- जुनी वर्तमानपत्रे आणि पिठाची, तांदळाची रिकामी पाकिटे
- बॉक्ससमोर टाकायला काथ्याचे किंवा रबरी जाळीचे पायपुसणे
- भांड्यांचा सौम्य, शक्यतो बिनवासाचा साबण आणि वेगळा ब्रश
- लघवीचे डाग काढणारा एन्झाइम क्लीनर

सुगंधी पावडरी, बॉक्सवर मारायचे स्प्रे आणि आत अंथरायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दुकानदार आग्रहाने दाखवतील. त्यांची गरज नाही. पिशवी तर उकरताना नखांत अडकते, फाटते आणि लघवी तिच्याखाली जाऊन साचते.

१. आधी जागा ठरवा

बॉक्समध्ये बसलेले मांजर काही क्षण पूर्णपणे बेसावध असते. त्यामुळे त्याला अशी जागा हवी असते जिथे मागून कोणी येणार नाही, अचानक मोठा आवाज होणार नाही आणि गरज पडली तर एकापेक्षा जास्त वाटांनी निसटता येईल. त्याचबरोबर ती जागा खाण्यापासून आणि पाण्याच्या भांड्यापासून लांब हवी. एका खोलीच्या घरात 'लांब' म्हणजे खोलीचे दुसरे टोक, आणि तेवढे अंतर बहुतेक मांजरे मान्य करतात.

मुंबईच्या घरांत सगळ्यांची पहिली पसंती बाथरूमला असते, कारण तिथली फरशी धुता येते. मात्र आपल्या बाथरूममध्ये आंघोळीचे पाणी सगळीकडे उडते, ओल्या फरशीवरून चालणे मांजराला आवडत नाही आणि भिजलेल्या लिटरचा चिखल होतो. वॉशबेसिनखालचा कोपरा खरोखर कोरडा राहत असेल, किंवा बॉक्स फरशीपासून थोड्या उंच पाटावर ठेवता येत असेल, तरच तिथे ठेवा. दुसरी अडचण दाराची आहे. सकाळी घरातले सगळे एकामागोमाग आत-बाहेर करत असतात, दार लावलेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी मांजराला जायचे असते. चार वेळा दार बंद मिळाले की ते पाचव्यांदा तिथे जात नाही. सोफ्यामागचा कोपरा शोधते. दाराला आतून अडसर लावून फट कायम ठेवता येत नसेल तर बाथरूमचा नाद सोडावा. चाळीतल्या घरात मोरीलाही हेच लागू पडते.

वॉशिंग मशीनशेजारची जागा सोयीची वाटते, पण मशीन कपडे पिळायला लागल्यावर जो थरथराट होतो त्याने घाबरलेले मांजर पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. गॅलरीत बॉक्स ठेवायचा असेल तर दोन गोष्टी पाहा: पावसाची झड तिथवर येते का, आणि गॅलरीला जाळी आहे का. नुसत्या ग्रिलच्या गजांमधून मांजर सहज बाहेर जाते आणि वरच्या मजल्यांवरून पडून जखमी होते, म्हणून जाळी बसवल्याशिवाय गॅलरीत बॉक्स नको.

माझ्या मते मुंबईतल्या घरात सर्वांत चांगली जागा म्हणजे पॅसेजचा शेवट किंवा बेडरूममधला असा कोपरा, जिथून दार दिसते पण जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाय लागत नाही. घरातल्या ज्येष्ठांची देवघराच्या भिंतीला बॉक्स लागू नये अशी अपेक्षा असेल, तर ती आधीच विचारून घ्या. मांजराला जागेची सवय लागल्यावर बॉक्स हलवणे कटकटीचे असते. हलवावाच लागला तर रोज वीतभर सरकवत न्यावा लागतो.

एकाहून जास्त मांजरे असतील तर पशुवैद्य जितकी मांजरे तितके बॉक्स आणि वर आणखी एक, असा हिशेब सांगतात. छोट्या घरात तीन बॉक्स मावत नाहीत हे खरे आहे, तरी दोन मांजरांना दोन बॉक्स हवेतच, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. शेजारी शेजारी ठेवलेले दोन बॉक्स मांजराच्या लेखी एकच जागा असते, आणि दोघांपैकी दांडगे मांजर वाट अडवून बसले की दुसऱ्याची दोन्हीकडे अडचण होते.

२. मांजराचे माप घ्या आणि बॉक्स निवडा

मांजर झोपलेले किंवा खाण्यात गुंतलेले असताना शिवणकामाची टेप घेऊन नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजा. बॉक्सची लांबी त्याच्या दीडपट असावी. आपल्याकडचे पूर्ण वाढलेले देशी मांजर साधारण ४५ सेंमी लांब भरते, म्हणजे बॉक्स ६५ ते ७० सेंमीचा हवा. आता दुकानात 'कॅट ट्रे' म्हणून काय विकतात ते पाहा: त्यातले बरेचसे ट्रे जेमतेम ४० ते ५० सेंमीचे असतात. अशा ट्रेमध्ये मांजराचे पुढचे पाय आत असतात, मागचा भाग कडेवर येतो, लघवी बाहेर पडते आणि बोलणी मात्र मांजराला बसतात.

यावर स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे पलंगाखाली कपडे ठेवायला मिळणारा पसरट प्लॅस्टिकचा बॉक्स. त्याचे झाकण बाजूला ठेवावे, एका आखूड बाजूला फरशीपासून १० ते १२ सेंमी उंचीवर आडवी रेघ मारून तिच्यावरचा भाग कापून प्रवेशाची जागा करावी आणि कापलेली कड पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत घासावी की बोट फिरवल्यावर कुठेही खुपणार नाही. उरलेल्या तीन बाजू उंच राहतात, त्यामुळे उकरताना लिटर बाहेर उडत नाही आणि उभ्या उभ्या लघवी करणाऱ्या बोक्याची धारही आतच राहते.

लहान पिल्लाला मात्र एवढ्या कडा चढता येत नाहीत. त्याच्यासाठी सुरुवातीला ५ सेंमीच्या आसपास कड असलेला उथळ ट्रे घ्यावा आणि ते मोठे होईल तसा बॉक्स बदलावा. वय झालेल्या मांजराचे सांधे दुखत असतात, पण ते तसे दाखवत नाही. त्याच्याही बॉक्सचा प्रवेश कमी उंचीचा ठेवा.

झाकणाचे बॉक्स माणसांना आवडतात, कारण आतले दिसत नाही. वासही आतच कोंडतो, आणि त्या कोंडलेल्या वासात मांजराला जाऊन बसायचे असते. काही मांजरे ते चालवून घेतात, काही त्यात पाऊलही टाकत नाहीत. झाकण आहे म्हणून सफाई लांबणीवर पडते हा त्यातला मोठा धोका आहे. नवशिक्याने उघडा बॉक्सच घ्यावा. वरच्या भोकातून उडी मारून आत जायचे बॉक्स पिल्लांना, म्हाताऱ्या आणि जाड मांजरांना जमत नाहीत. आपोआप साफ होणारे विजेवरचे बॉक्स महाग आहेत, शिवाय ते वापरले की रोज डोळ्यांनी तपासणी करण्याची सवय सुटते. तिचे महत्त्व पाचव्या टप्प्यात येईल.

प्लॅस्टिकवर नखांचे ओरखडे उठतात आणि त्यांत वास मुरतो, म्हणून साधारण वर्षाने बॉक्स बदलणे इष्ट. स्टीलचा मोठा ट्रे मिळाला तर तो महाग असला तरी घ्यावा, कारण त्यात वास मुरत नाही आणि तो अनेक वर्षे टिकतो.

३. लिटर निवडा

१९४७ साली अमेरिकेत एड लो याने मांजरांसाठी भाजलेली शोषक माती पाकिटांत भरून विकायला सुरुवात केली. तोवर लोक राख, वाळू असे जे हाताशी असेल ते वापरत. आज मुंबईत पाच-सहा प्रकार सहज मिळतात.

बेंटोनाइटचे क्लम्पिंग लिटर सर्वांत जास्त चालते. बेंटोनाइट ही ओलावा शोषून फुगणारी माती आहे. आपल्याकडे ती कच्छमध्ये आणि राजस्थानातल्या बारमेर भागात निघते. लघवी पडली की तेवढ्याच भागाचा घट्ट गोळा होतो आणि तो उचलून बाकीचे लिटर तसेच वापरता येते. बारीक दाण्यांचे, बिनवासाचे आणि कमी धूळ उडणारे बेंटोनाइट ही नवशिक्यासाठी माझी पहिली शिफारस आहे. त्याचे तोटे म्हणजे वजन, पायाला चिकटून घरभर जाणारे दाणे आणि स्वस्त प्रकारांत उडणारी धूळ. मांजराला किंवा घरातल्या कोणाला दमा असेल तर कमी धुळीच्या लिटरसाठी दोन पैसे जास्त मोजावेत.

टोफू लिटर सोयाबीनच्या चोथ्यापासून बनवतात. ते हलके असते, धूळ जवळपास नसते आणि गोळाही बऱ्यापैकी होतो. मात्र ते शेवटी धान्याचे आहे. मुंबईच्या पावसाळ्यात उघडे राहिले तर त्याला बुरशी धरते आणि किडेही लागतात. ऑक्टोबर ते मे ते निर्धास्त वापरावे. जून ते सप्टेंबर वापरायचेच असेल तर छोट्या पिशव्या आणाव्यात.

सिलिका जेलचे स्फटिक लघवी शोषून घेतात आणि वासही बराच दाबतात, पण दमट हवेतला ओलावाही शोषत असल्यामुळे पाकिटावर लिहिलेल्या मुदतीइतके ते आपल्याकडे टिकतीलच असे नाही. शिवाय खरखरीत स्फटिक काही मांजरांच्या पंजांना टोचतात. पाइन लाकडाच्या गोळ्या लघवीने भिजल्या की त्यांचा भुसा होतो. वास चांगला दबतो, पण गोळ्यांवर उभे राहणे सगळ्यांना रुचत नाही.

उरली वाळू. हार्डवेअरच्या दुकानातून किंवा बांधकामावरून आणलेली रेती स्वस्त पडते आणि मुंबईत कित्येक घरे तिच्यावरच निभावतात. वाळू लघवी शोषत नाही. लघवी तळाला जाऊन साचते आणि उन्हाळ्यात एका दिवसातच वास घरभर होतो. त्यामुळे ती दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदलावी लागते. बांधकामावरून आणताना तिच्यात सिमेंट मिसळलेले नाही याची खात्री करून घ्या, कारण सिमेंटने पंजे भाजतात. वर्तमानपत्राचे तुकडे आजारपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ठीक आहेत, एरवी नकोत.

दोन सापळ्यांपासून सावध राहा. पहिला, सुगंधी लिटर: लॅव्हेंडरचा वास माणसाला प्रसन्न वाटतो, मांजराच्या तीक्ष्ण नाकाला तो असह्य होऊ शकतो. दुसरा, पिल्लांसाठी क्लम्पिंग लिटर: तीन-चार महिन्यांपर्यंतची पिल्ले जे दिसेल ते तोंडात घालतात आणि फुगणारी माती पोटात गेली तर आतडी अडकू शकतात. तोवर गोळा न होणारे लिटर वापरावे.

४. बॉक्स भरा आणि मांजराची ओळख करून द्या

थर ५ ते ७ सेंमीचा असावा. त्याहून कमी थर दिला तर लघवी तळाला पोचून चिकटते. फार जास्त दिला तर पाय रुततात आणि मांजर बिचकते. ६५ सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद बॉक्समध्ये ५ सेंमीचा थर द्यायचा तर बेंटोनाइट १२ ते १५ किलो लागते. पाच किलोची एक पिशवी आणून तळ जेमतेम झाकायचा आणि 'हे लिटर वास मारते' असे म्हणायचे, हा प्रकार फार घरांत दिसतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर हे वजन आधी लक्षात घ्या आणि घरपोच मागवा.

नव्या मांजराला पहिले दोन-तीन दिवस एकाच खोलीत, बॉक्स दिसेल असे ठेवा. जेवल्यावर आणि झोपून उठल्यावर त्याला अलगद बॉक्समध्ये उभे करा आणि बाजूला व्हा. त्याचा पंजा धरून उकरून दाखवण्याची गरज नाही. पकडल्याचा त्रास तेवढा त्याच्या लक्षात राहतो. मुंबईत घरी येणारी बहुतेक मांजरे इमारतीच्या आवारातून किंवा रस्त्यावरून उचललेली असतात आणि त्यांना मातीची सवय असते. अशा मांजरासाठी लिटरवर थोडी कोरडी बागेची माती किंवा स्वच्छ वाळू पसरा आणि आठवडा-दोन आठवड्यांत ती कमी करत न्या. घरात कुंड्या असतील तर त्यांच्या मातीवर मोठे गोटे ठेवा, नाहीतर तुळशीची कुंडीच पहिला बॉक्स ठरेल.

पुढे कधी लिटरचा प्रकार बदलायचा झाला तर एका फटक्यात बदलू नका. जुन्यात पाव भाग नवे मिसळून सुरुवात करा आणि आठवडाभरात प्रमाण वाढवा.

५. रोजची सफाई

बाकी सगळे टप्पे थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील, हा मात्र चुकवू नये. दिवसातून किमान एकदा, शक्यतो सकाळ-संध्याकाळ, गोळे आणि विष्ठा काढून टाका.

काढण्याचीही एक रीत आहे. मांजर उठल्या उठल्या खुपसलेला स्कूप ओला गोळा फोडतो. त्याचे बारीक तुकडे लिटरमध्ये विखुरतात आणि पुढचे कित्येक दिवस वास त्यांचाच येत राहतो. पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्या, गोळा घट्ट होतो. मग स्कूप बॉक्सच्या भिंतीलगत तळापर्यंत उभा नेऊन आडवा करा, गोळा खालून पूर्ण उचला आणि हलकेच हलवून कोरडे दाणे गाळू द्या. कोपऱ्यात तळाला चिकटलेला गोळा ओढून काढू नका. स्कूपच्या सपाट कडेने खरवडून सुटा करा. शेवटी उरलेले लिटर सारखे करून, जेवढे गेले तेवढे नवे वरून घाला. सगळे मिळून पाच मिनिटांचेही काम नाही.

या वेळी गोळे मोजायची सवय लावून घ्या. निरोगी प्रौढ मांजराचे लघवीचे गोळे दिवसाला साधारण दोन ते चार असतात आणि शी बहुधा एकदा होते. आकारही रोज साधारण सारखा, लिंबापेक्षा थोडा मोठा असतो. गोळे एकाएकी मोठे आणि जास्त दिसू लागले तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. अगदी छोटे आणि पुष्कळ दिसू लागले तर मूत्राशयाचा त्रास असू शकतो. मांजर आपले दुखणे लपवते, पण बॉक्समधला हिशेब लपवू शकत नाही.

घरात गरोदर स्त्री असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. काही मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी बाहेर पडतात आणि त्यांचा संसर्ग गर्भाला घातक ठरू शकतो. ही अंडी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे रोज सफाई झाली की धोका पुष्कळ कमी होतो. दुसरे कोणी नसेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. घाबरून मांजर घराबाहेर काढण्याची मुळीच गरज नाही, नातेवाईक काहीही सांगोत.

६. पूर्ण बदल आणि बॉक्स धुणे

क्लम्पिंग लिटर रोज नीट साफ होत असेल तर दोन ते चार आठवड्यांनी सगळे टाकून बॉक्स धुवा. गोळा न होणारे लिटर आठवड्याला बदलावे. पाणी ठरावीक वेळीच येते अशा इमारतीत धुण्याचा दिवस आधीच ठरवा. दुसरा बॉक्स असल्याचा उपयोग इथे कळतो, कारण एक वाळत असताना दुसरा वापरात राहतो.

धुवायला गरम पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरे. फिनाइल वापरू नका. फिनॉलवर्गीय रसायने मांजराच्या यकृताला नीट निष्प्रभ करता येत नाहीत. ती पंजांना लागतात, मांजर पंजे चाटते आणि विषबाधा होते. जखमा धुवायला वापरतो त्या क्लोरोझायलेनॉल असलेल्या जंतुनाशकांनाही हेच लागू आहे. बॉक्सजवळची फरशी पुसणाऱ्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा, कारण बादलीत फिनाइल टाकणे त्यांच्या हातवळणाचे असते. ब्लीचही नको: लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन घातक वायू तयार होतो. धुतलेला बॉक्स पूर्ण कोरडा झाल्यावरच भरा. तळाला चमचाभर खाण्याचा सोडा पसरला तर वास थोडा कमी होतो.

७. पावसाळ्याची तयारी

जूनच्या आधी लिटरचा साठा घट्ट झाकणाच्या डब्यात हलवा. दुकानाच्या पिशवीला गाठ मारून भागत नाही. दमट हवेत बेंटोनाइटही ओलसर होते, गोळा सैल बनतो आणि वास लवकर येतो. म्हणून या दिवसांत थर थोडा जाड ठेवा, पूर्ण बदल लवकर करा आणि बॉक्स खिडकीपासून आत घ्या. धुतलेला बॉक्स उन्हात वाळणार नाही, तो कापडाने पुसून पंख्याखाली ठेवावा लागतो. झुरळांसाठी फवारणी करायची असेल तर बॉक्स आणि मांजर दोन्ही दुसऱ्या खोलीत नेल्याशिवाय करू देऊ नका.

८. कचरा कुठे टाकायचा

संडासात टाकू नका. बेंटोनाइट पाण्यात फुगते, पाइप तुंबतो, आणि जुन्या इमारतीत सगळ्या मजल्यांचा पाइप एकच असल्यामुळे प्रकरण थेट सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाते. टोफू लिटरच्या पाकिटावर 'फ्लश करता येते' असे लिहिलेले असले तरी विष्ठेतले परजीवी सांडपाण्याच्या प्रक्रियेतून सुटू शकतात आणि मुंबईचे सांडपाणी शेवटी समुद्रालाच मिळते. ओल्या कचऱ्यातही नको, कारण अनेक सोसायट्यांत त्याचे खत करतात. रोजचा ऐवज वर्तमानपत्रात गुंडाळून पिठाच्या रिकाम्या पाकिटात भरा, तोंड बांधा आणि कचरा नेणाऱ्या माणसाकडे वेगळा द्या. आत काय आहे ते त्याला सांगा. त्याला हाताने वर्गीकरण करावे लागते.

९. बॉक्सबाहेर घाण झाली तर

सर्वांत आधी तातडीची गोष्ट. बोका वारंवार बॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल, लिंगाकडे सारखा चाटत असेल आणि लघवीचा थेंबही पडत नसेल तर मूत्रमार्ग अडला असण्याची शक्यता आहे. हे बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसू नका. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच तासाला डॉक्टर गाठा. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाचे, म्हणजे मुंबईकरांच्या बैलघोडा हॉस्पिटलचे, नाव सगळ्यांना माहीत असते, पण आपल्या भागातला कोणता दवाखाना रात्री उघडा असतो हे मांजर घरी आणल्याच्या आठवड्यातच विचारून ठेवा.

आजार नसेल तर मांजराचे बॉक्सशी वागणे बारकाईने पाहा. चारी पाय कडेवर ठेवून तोल सांभाळत बसणे, न उकरता न झाकता पळून जाणे, बाहेर येताच पंजे झटकणे ही लिटर आवडत नसल्याची चिन्हे आहेत. बॉक्सच्या अगदी शेजारी घाण होत असेल तर बहुधा बॉक्स अस्वच्छ किंवा लहान आहे. लांब एखाद्या ठरावीक कोपऱ्यात होत असेल तर तिथेच एक बॉक्स ठेवून पाहा. उभे राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर उडवलेली थोडीशी लघवी हा वेगळा प्रकार आहे. तो हद्द आखण्याचा भाग असून नसबंदी केल्यावर बहुतेक बोक्यांचा बंद होतो.

झालेली घाण एन्झाइम क्लीनरने पुसा. साध्या साबणाने माणसाच्या नाकापुरता वास जातो, मांजराला तो येत राहतो आणि ते पुन्हा तिथेच जाते. ओरडू नका, नाक घासू नका. त्याने मांजर एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते पलंगाखाली जाऊन करू लागते.

१०. गावाला जाताना

गणपतीत कोकणात जायचे तिकीट काढाल तेव्हाच मांजराकडे कोण बघणार हे ठरवा. 'दोन दिवसांचे खाणे ठेवले की झाले' हा हिशेब बॉक्सच्या बाबतीत चुकतो, कारण दुसऱ्या दिवशी भरलेला बॉक्स अनेक मांजरे नाकारतात. शेजारी किंवा ओळखीचे कोणी दिवसातून एकदा येणार असतील तर निघण्याच्या आदल्या दिवशी बॉक्स धुऊन नवे लिटर भरा, शक्य असेल तर दुसराही मांडा आणि त्यांना एकदा समोर उभे करून गोळा कसा उचलायचा ते दाखवा. बॉक्सच्या वरच्या भिंतीवर एक कागद चिकटवा: रोज साधारण किती गोळे निघतात, पिशवी कुठे द्यायची, लिटरचा डबा कुठे आहे, फिनाइल वापरायचे नाही, आणि खाली डॉक्टरांचा नंबर. सबंध दिवसात लघवीचा एकही गोळा निघाला नाही तर आधी डॉक्टरांना आणि मग तुम्हाला फोन करायचा, हेही त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा.